कोलाज की असेंब्लाज? जाडी मोजू नका, जोड बघा

जुन्या फळ्यांचे तुकडे, एखादी गंजकी किल्ली, घड्याळाची चक्रं आणि मधोमध फाटक्या पत्राचा कागद. असं काही भिंतीवर दिसलं की पटकन तोंडात येतं ते ‘कोलाज’, म्हणजे कागद-कापडाचे तुकडे चिकटवून केलेलं चित्र. कुणी जाणकार शेजारी असेल तर तो सांगतो, ‘अहो, हे असेंब्लाज, वस्तू जोडून केलेलं काम. कोलाज सपाट असतं, हे त्रिमित आहे.’ उत्तर चूक नाही, पण फारसं उपयोगाचंही नाही. पुठ्ठ्याचे थरावर थर चढवलेलं कोलाज हाताला चांगलं उंच लागतं, आणि पातळ फळीवर एकच कडी ठोकलेलं असेंब्लाज त्याच्यापेक्षा चपटं असू शकतं.

मला विचाराल तर प्रश्न वेगळा आहे: वस्तू तिथे नुसता पृष्ठभाग म्हणून आली आहे, की अंगासकट?

एक जुनी बिजागरी घ्या. तिचा फोटो कापून चिकटवला, किंवा तिच्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा उचलला, तर ते कोलाजचं सामान झालं. तीच बिजागरी फळीवर बसवली की तिच्याबरोबर तिचं वजन येतं, स्क्रूची रिकामी भोकं येतात, एका बाजूला जास्त झिजलेली पिन येते आणि खाली पडणारी सावलीही येते. दिवा सरकवला तर कोलाज जवळपास तसंच दिसतं, असेंब्लाज मात्र बदलतं.

पिकासोचं 1912 सालचं ‘स्टिल लाइफ विथ चेअर केनिंग’ या दृष्टीने बघण्यासारखं आहे. त्यात खुर्चीच्या वेताची वीण दिसते, पण ती वेत नाहीच. मेणकापडावर छापलेली नक्षी आहे ती. इथवर ते सरळ कोलाज. पण त्या लंबगोल चित्राला चौकट म्हणून पिकासोने खराखुरा दोर गुंडाळला. तो कशाची नक्कल करत नाही, दोर म्हणूनच बसला आहे. म्हणजे कोलाजच्या अगदी सुरुवातीच्या, सगळ्यांत गाजलेल्या उदाहरणालाच असेंब्लाजची किनार आहे!

करायला बसलं की दोन्हींतला फरक फारच लवकर कळतो. कोलाजमध्ये झगडा ओलाव्याशी असतो. खळ किंवा गोंद जास्त झाला की कागद सुरकुततो. एकाच बाजूने चिकटवलं की वाळताना पुठ्ठा वाकतो, म्हणून पाठीमागेही कागद लावून ताण सारखा करतात. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडणारच, त्यात लाकडातलं लिग्निन हे पिवळं पडणारं द्रव्य शिल्लक असतं.

असेंब्लाज म्हणजे निम्मं सुतारकाम. लाकडाचा पांढरा गोंद उघड्या लाकडाला धरतो. जुन्या तेलरंगावर लावला तर तो फक्त रंगाला चिकटतो, आणि रंगाचा पोपडा सुटला की वस्तू त्या पोपड्यासकट खाली येते. म्हणून जोडापुरता रंग काढावाच लागतो. पण फार जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासून धूळ उडवू नये. धातूला इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद) किंवा सरळ स्क्रू. वाळून खडखडीत झालेली फळी खिळा ठोकताच उभी फाटते, म्हणून आधी बारीक भोक पाडून घ्यायचं. आणखी एक गोष्ट नवशिक्यांना हमखास नडते. दमट हवेत लाकूड रुंदीत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, लांबीत मात्र जवळजवळ हलत नाही. दोन रुंद फळ्या एकमेकींवर आडव्या ठेवून पूर्ण चिकटवल्या तर कधी ना कधी त्यांतली एक तडकते. रुंदीच्या एका कडेला स्क्रू घट्ट आणि दुसऱ्या कडेला लांबट भोकात थोडा सैल ठेवला की फळीला हलायला जागा मिळते. आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं व खाली पिठासारखा भुसा दिसला तर आत कीड जिवंत आहे असं धरून तो तुकडा बाकीच्या लाकडापासून लांब ठेवावा.

आता माझीच कसोटी जिथे अडखळते ते उदाहरण: अमेरिकी शिल्पकार लुईस नेव्हलसन यांचं 1958 सालचं ‘स्काय कॅथीड्रल’. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. सुमारे 3.4 मीटर उंच आणि 3 मीटर रुंद अशी ही लाकडी खोक्यांची भिंत. खोक्यांत खुर्च्यांचे भाग, कातीव दांड्या, नक्षीच्या पट्ट्या असं टाकून दिलेलं लाकूड रचलेलं, आणि सगळ्यावर एकच निस्तेज काळा रंग. त्या काळ्याने प्रत्येक तुकड्याची ओळख पुसली आहे. हा पाय कुठल्या खुर्चीचा हे विचारायची सोयच ठेवलेली नाही. अंग मात्र शिल्लक आहे, आणि कामाचा सगळा भार त्या अंगांच्या सावल्यांवर आहे. पेट्यांमध्ये वस्तू मांडणारे अमेरिकी कलावंत जोसेफ कॉर्नेल नेमकं उलट करतात. काचेआडच्या त्यांच्या लहान पेट्यांत प्रत्येक वस्तूचं जुनेपण जपलेलं असतं. मला स्वतःला नेव्हलसन जास्त धाडसी वाटतात.

मधली जागाही मोठी आहे. जर्मन कलावंत कुर्ट श्विटर्स 1919 पासून तिकिटं आणि छापील चिटोरे चिकटवत होते, आणि त्याच वर्षी ‘रिव्हॉल्विंग’ नावाच्या कामात कॅनव्हासवर लाकूड, धातू, दोरी, तारही बसवत होते. 1961 साली न्यूयॉर्कच्या त्याच म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ‘द आर्ट ऑफ असेंब्लाज’ हे मोठं प्रदर्शन भरवलं, त्यात कोलाजही सामील होती. तेव्हा गोंधळ फक्त आपलाच आहे असं नाही.

रेडीमेड, म्हणजे तयार वस्तू जशीच्या तशी कलाकृती म्हणून मांडणं, हे तिसरंच प्रकरण. फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशांने 1914 मध्ये बाटल्या वाळवायचा स्टँड निवडला, त्याला काहीही जोडलं नाही. जोडच नसेल तर असेंब्लाज कसलं?

आपल्या कामाखाली काय लिहावं ही अडचण असेल तर नुसतं ‘मिश्र माध्यम’ लिहून मोकळं होऊ नका. त्यात कोलाजपासून जलरंगावरच्या भरतकामापर्यंत काहीही बसतं. संग्रहालयांच्या पाट्यांवर असते तशी सामानाची यादी द्या: जुनं लाकूड, लोखंडी बिजागरी, कापड, छापील कागद, तेलरंग. पुढे कुणाला ते दुरुस्त करायची वेळ आली, तर कुठे पाणी लागू द्यायचं नाही हे त्याला त्या यादीवरूनच कळेल.