ॲप सेटिंग्ज: एक नाव, चार गोष्टी

विंडोजवरच्या प्रोग्रॅमला काही गोष्टी लक्षात ठेवाव्याच लागतात: डेटाबेसचा पत्ता, बिलाचा प्रिंटर, कोणी कोणती भाषा निवडली. सुरुवातीला हे सगळं आयएनआय फाइलमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असायचं. नोटपॅडमध्ये उघडा, ओळ बदला, झालं. पण एका मशीनवर दोघं काम करत असतील तर एकाची आवड दुसऱ्याच्या माथी बसायची. 1993 मध्ये विंडोज एनटीबरोबर पूर्ण रूपातली रजिस्ट्री (विंडोजचा सेटिंग्जचा मध्यवर्ती साठा) आली आणि मशीनच्या सेटिंग्ज वेगळ्या, वापरकर्त्याच्या वेगळ्या झाल्या. मात्र प्रोग्रॅमचं फोल्डर दुसऱ्या मशीनवर नेलं की सेटिंग्ज मागेच राहायच्या.

2002 मध्ये मायक्रोसॉफ्टचं डॉट नेट (प्रोग्रॅम बनवायची आणि चालवायची व्यवस्था) आलं ते याच्या नेमकं उलट टोक गाठत. प्रोग्रॅमशेजारी एक एक्सएमएल फाइल (खुणांमध्ये मांडलेला मजकूर), तिच्यात 'ॲपसेटिंग्ज' नावाचा विभाग. फोल्डर कॉपी केलं की काम झालं. ही फाइल वाचण्यासाठी होती, तरी अनेकांनी प्रोग्रॅममधूनच तिच्यात लिहायला सुरुवात केली. पण प्रोग्रॅम जिथे बसवले जातात त्या 'प्रोग्रॅम फाइल्स' फोल्डरात साध्या वापरकर्त्याला लिहायची परवानगी नसते. व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोजने जुन्या प्रोग्रॅमचं असं लिखाण न सांगता व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात वळवलं. मग सपोर्टवाला मूळ फाइल दुरुस्त करायचा, प्रोग्रॅम दुसरीच प्रत वाचायचा आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असायचे.

खरा वादाचा निर्णय 2005 चा. त्या वर्षी 'ॲप्लिकेशन सेटिंग्ज' नावाची नवी सोय आली आणि जुन्या 'ॲपसेटिंग्ज'शी तिची गल्लत तेव्हापासून आजतागायत चालू आहे. भरीस भर म्हणजे या नव्या सोयीत पुन्हा दोन स्कोप, म्हणजे व्याप्ती: एक 'ॲप्लिकेशन', दुसरा 'युझर'. ॲप्लिकेशन स्कोपची सेटिंग प्रोग्रॅम चालू असताना बदलता येत नाही. युझर स्कोपची बदलता येते, पण ती साठते वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये, आणि त्या पत्त्यात प्रोग्रॅमचा व्हर्जन नंबर असतो. 1.0.0.0 चं फोल्डर वेगळं, 1.1.0.0 चं वेगळं. नवं व्हर्जन टाकलं की ग्राहकाने निवडलेला प्रिंटर गायब. आमच्याकडे एका बिलिंग प्रोग्रॅमच्या अपडेटनंतर दिवसभर याच तक्रारीचे फोन घेतले होते. उपाय एका ओळीचा आहे, जुन्या सेटिंग्ज नव्या व्हर्जनमध्ये आणणारी अपग्रेड ही मेथड (तयार फंक्शन) बोलवायची. पण ती दर वेळी चालू नये म्हणून आणखी एक हो-नाही सेटिंग लागते, आणि जवळजवळ प्रत्येक टीमने ती स्वतःच शोधून काढली.

माझ्या मते व्हर्जननुसार फोल्डर वेगळी ठेवणं बरोबरच होतं. नवं व्हर्जन बिघडलं तर जुन्याच्या सेटिंग्ज शाबूत राहतात. चूक झाली ती जुन्यातून नव्यात आणण्याचं काम प्रोग्रॅमरच्या आठवणीवर सोडण्यात.

2016 मध्ये डॉट नेटच्या नव्या अवताराने, डॉट नेट कोअरने, एक्सएमएल बाजूला ठेवून जेसन फाइल (मजकुराची आणखी एक मांडणी) घेतली आणि तिला नाव दिलं, पुन्हा, 'ॲपसेटिंग्ज'. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडच्या पोर्टलवरही 'ॲप सेटिंग्ज' असतात, पण त्या प्रोग्रॅमला मिळतात एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून, म्हणजे प्रोग्रॅमच्या बाहेर सिस्टिममध्ये ठेवलेल्या नाव-किमतीच्या जोड्या म्हणून. आता सेटिंग एकाच जागी नसते, थरांमध्ये असते: आधी फाइल, मग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, मग कमांड लाइन (प्रोग्रॅम सुरू करताना टाइप केलेलं), आणि शेवटी वाचलेलं खरं. म्हणून फाइलमध्ये नवा पत्ता दिसतो आणि प्रोग्रॅम जुन्याच डेटाबेसला जोडला जातो, कारण सर्व्हरवर कधीकाळी टाकलेलं व्हेरिएबल अजून तिथेच असतं. नव्या माणसाला 'ॲप सेटिंग बघ' म्हणताना कोणती, हे सांगायलाच हवं.

पासवर्डसाठी याच काळात 'युझर सीक्रेट्स' आलं. ते प्रोजेक्टच्या फोल्डरबाहेर, डेव्हलपरच्या प्रोफाइलमध्ये राहतं, म्हणून चुकून गिटमध्ये, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यात, जात नाही. नावावरून अनेकांना ते कुलूपबंद वाटतं. प्रत्यक्षात ती एन्क्रिप्ट न केलेली साधी जेसन फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडणारी.