मानेची जादा बरगडी : दबलेली नस आणि फिजिओथेरपी

माणसाला बरगड्यांच्या बारा जोड्या असतात. काहींना त्यांच्याही वर, मानेच्या सातव्या मणक्यापासून आणखी एक बरगडी फुटते. दवाखान्यात तिला ‘सर्व्हायकल रिब’ म्हणतात. ती जन्मजात असते, शंभरात जेमतेम एखाद्याला आढळते, पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आणि बरेचदा दोन्ही बाजूंना. बहुतेकांना ती आहे हे आयुष्यभर कळत नाही. खोकल्यासाठी छातीचा एक्स-रे काढला आणि अचानक दिसली, असेच पुष्कळदा होते. त्यामुळे एक्स-रेत बरगडी दिसली एवढ्यावरून हाताच्या दुखण्याचा गुन्हा तिच्यावर टाकता येत नाही.

मानेच्या कडेने पुढचा आणि मधला असे दोन स्केलीन स्नायू छातीच्या पहिल्या बरगडीवर उतरतात. त्यांच्यामधल्या त्रिकोणी फटीतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची जुडी आणि हाताची मुख्य रोहिणी बाहेर पडते. जादा बरगडी या फटीत मागून शिरते. ती आखूड असेल तर तिच्या टोकापासून पहिल्या बरगडीपर्यंत अनेकदा एक चिवट तंतुमय पट्टा ताणलेला असतो, आणि तो एक्स-रेत दिसत नाही. जुडीतली सर्वांत खालची नस त्या पट्ट्यावरून वळून हातात उतरते. विहिरीच्या काठावर दोर घासावा तशी ती तिथे घासते. पूर्ण वाढलेली लांब बरगडी रोहिणीला जास्त छळते. चोंदलेल्या फटीच्या या सगळ्या विकारांना ‘थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम’ हे नाव पीट नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 मध्ये दिले. त्यांचा तो लेख व्यायामोपचाराबद्दलच होता. बरगडी कापून काढण्याची शस्त्रक्रिया त्याहून जुनी आहे. होम्स कूट या सर्जनने ती लंडनमध्ये 1861 साली केली होती.

बरगडी जन्मापासूनची असली तरी त्रास साधारण विशी ते चाळिशीत डोके वर काढतो. वयाबरोबर खांदे थोडे खाली उतरतात आणि कामाचे ओझे त्यांना आणखी खाली ओढते. विदर्भाच्या खेड्यात हे ओझे कुठून येते ते वेगळे शोधावे लागत नाही. पाठीवरच्या फवारणी पंपात 16 लिटर पाणी म्हणजे 16 किलो वजन, वर पंपाचे स्वतःचे, आणि सगळा भार दोन अरुंद पट्ट्यांवर, नेमका गळपट्टीच्या हाडामागे. कापूस वेचणारी बाई मान वाकवून दिवसभर दोन्ही हात पुढे चालवते. ओटी (वेचलेला कापूस टाकायची कापडी झोळी) गळ्यात अडकवलेली असेल तर बोंडागणिक मानेवरचा ताण वाढत जातो. धानपट्ट्यात, भंडारा-गोंदियाकडे, हाच ताण रोवणीत (भातलावणीत) वेगळ्या रूपात असतो.

रोगी येतो तो ‘हात झोपून जाते जी’ असे म्हणत. करंगळी, तिच्या शेजारचे बोट आणि हाताची आतली कड कोपराच्या दिशेने बधिर होते, मुंग्या येतात. वेणी घालताना, दोरीवर लुगडे वाळत टाकताना, घरावर कवेलू (कौले) चढवताना, म्हणजे हात वर राहिला की त्रास वाढतो. दुर्लक्ष झाले तर हाताचे मांस झडते. त्यातली एक गोष्ट चक्रावणारी आहे : बधिरपणा करंगळीकडे आणि मांस सर्वांत आधी झडते ते अंगठ्याच्या मुळाशी. दोन्हींचा धागा त्याच खालच्या नसेत आहे. अशा झडलेल्या हाताला गिलियट आणि सम्नर या डॉक्टरांची नावे मिळाली आहेत.

विदर्भात हात तपासताना आणखी एक शंका आधी फेडावी लागते, ती कुष्ठरोगाची. वर्ध्याजवळच्या दत्तपूरचे कुष्ठधाम 1936 चे, वरोऱ्याचे आनंदवन 1949 चे; हा आजार या मुलखाला नवा नाही आणि तो संपलेलाही नाही. त्यातही करंगळीच बधिर होते. फरक असा की कुष्ठरोगात नस बहुधा कोपराच्या आतल्या बाजूला सुजून जाड होते आणि बोटांनी चाचपता येते. अंगावर बधिर चट्टा असू शकतो. शिवाय कोपराशी नस बिघडली तर बधिरपणा साधारण मनगटाशी थांबतो. मानेपाशी दबली असेल तर कोपरापर्यंतची आतली कडही बधिर असते. कापसाचा एक बोळा घेऊन दोन मिनिटांत ही तपासणी होते. एवढे न करता ‘नस दबली’ म्हणून गोळ्या आणि मानेचा पट्टा देऊन वाटेला लावणे हा माझ्या मते या आजारातला सर्वांत मोठा घोळ आहे. मनगटात नस दबणे आणि मानेची चकती सरकणे हेही वेगळे काढावे लागते. फिजिओथेरपिस्ट दोन्ही हात वर धरून तीन मिनिटे मुठी उघडझाप करायला लावतो. त्रास तिथेच उभा राहिला तर संशय बळावतो, पण केवळ या चाचणीवर निदान करत नाहीत, कारण धडधाकट माणसाचेही हात त्यात भरून येतात.

व्यायामाने बरगडी विरघळत नाही. तिच्याभोवतीची जागा मात्र मोकळी करता येते, आणि रक्तवाहिनी दबलेली नसेल व मांस झडलेले नसेल तर सुरुवात याच मार्गाने करतात. पहिला धडा श्वासाचा असतो. स्केलीन स्नायू छातीने घेतलेल्या श्वासात पहिली बरगडी वर खेचतात आणि फट आवळते. म्हणून उताणे निजून, पोटावर किलोभर डाळीची पिशवी ठेवून, ती वर-खाली होईल असा सावकाश श्वास घ्यायला शिकवतात. पिशवी हलते की नाही हे रोग्याला स्वतःला दिसते, हा या पद्धतीचा मोठा फायदा. नंतर स्केलीन आणि छातीचे पुढचे स्नायू हळू ताणणे : खाटेची कड दुखऱ्या बाजूच्या हाताने धरायची, मान दुसऱ्या खांद्याकडे कलवायची, वीस-तीस सेकंद थांबायचे. मग खवाटे (खांद्यामागची चपटी हाडे) सावरून धरणारे स्नायू बळकट करणे. भिंतीला हात टेकवून वर सरकवण्यापासून याची सुरुवात होते. नस सरकवण्याचे व्यायाम शेवटी येतात. त्यात हात ताणून धरायचा नसतो, मुंग्या येण्याआधीच परत आणायचा असतो. ‘जितके दुखेल तितका गुण’ हा समज इथे नुकसान करतो. मान मोडून घेणे आणि हाडवैद्याकडून जोराने दाबून घेणे याने दबलेली नस आणखी चिडते.

साधारण सहा आठवडे ते सहा महिने हा उपचार चालतो. कोणता व्यायाम किती कामाचा याचा भक्कम तुलनात्मक पुरावा थोडा आहे. उपचार बराचसा अनुभवावर उभा आहे. शिवाय वेचणीची मजुरी किलोवर मिळते. दिवसातून तीनदा दहा-दहा वेळा करा असे सांगितलेले कागदावर राहते. त्यापेक्षा तास (कपाशीची ओळ) संपून धुऱ्यावर (बांधावर) पोचले की खांदे मागे फिरवून चार श्वास पोटाने घ्या, हे सांगितलेले टिकते, कारण तिथे हात तसाही थांबतो. ओटी गळ्यातून काढून कमरेला बांधणे, ती अर्धी झाली की रिकामी करणे, जड बादली एकाच हाताने न नेणे, रात्री हात डोक्याखाली घेऊन न निजणे, याने पुष्कळांचा त्रास टेबलावरच्या उपचाराआधीच कमी होतो.

बोटे पांढरी-थंड पडणे, टोकांना काळे डाग येणे, अख्खा हात सुजून निळसर होणे ही रक्तवाहिनी दबल्याची चिन्हे आहेत. अशा वेळी व्यायाम थांबवून रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे त्याच दिवशी निघावे लागते, म्हणजे बहुतेक गावांसाठी नागपूर. अंगठ्याचे मांस झडू लागले असेल तरही सर्जनचे मत लांबवू नये. शस्त्रक्रियेने दुखणे कमी होते, पण झडलेले मांस क्वचितच पूर्ण भरून येते. गळपट्टीच्या हाडावरून किंवा काखेतून बरगडी काढल्यावर पुन्हा श्वास, खांदा, नस याच क्रमाने व्यायाम चालतो. पंप पाठीवर घेण्याची परवानगी सर्वांत शेवटी मिळते, तीही आधी अर्धा भरून, पट्ट्यांखाली घडी घातलेला दुपट्टा ठेवून.