वाइड रिसीव्हरची किंमत कशी ठरते? यार्डांच्या हिशेबामागचा इतिहास

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये दोन वाइड रिसीव्हरांची, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूंची, तुलना सुरू झाली की पहिल्यांदा तीनच आकडे पुढे येतात: झेल, यार्ड (झेलातून पुढे नेलेलं अंतर) आणि टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन केलेला गुण). मोजायला सोपे म्हणून हे आकडे टिकले. पण रिसीव्हर स्वतः चेंडू फेकत नाही. त्याच्याकडे चेंडू किती वेळा येणार, हे क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू), प्रशिक्षकाची आखणी आणि संघ आघाडीवर आहे की पिछाडीवर, यावर ठरतं. तुलना फसते ती इथेच.

पुढे चेंडू फेकायला अमेरिकन फुटबॉलमध्ये 1906 साली परवानगी मिळाली, तरी बराच काळ खेळ धावण्याभोवतीच फिरत होता. आखलेल्या रूटवर, म्हणजे ठरवून दिलेल्या मार्गावर, धावून बचावपटूला चकवणारा पहिला मोठा खेळाडू म्हणजे ग्रीन बे पॅकर्सचा डॉन हटसन. 1942 मध्ये त्याने 11 सामन्यांच्या हंगामात 74 झेल घेतले, 1,211 यार्ड कमावले आणि 17 टचडाउन केले. झेलांच्या यादीत त्याच्यानंतर आलेल्या खेळाडूच्या नावावर 27 झेल होते. महायुद्धामुळे अनेक खेळाडू सैन्यात गेले होते, लीग दुबळी झाली होती, हे इथे धरावंच लागतं. तरीही इतकं अंतर नुसत्या त्या कारणाने पडत नाही.

आजचे आकडे वाचताना 1978 हे वर्ष विसरून चालत नाही. त्या वर्षी नियम बदलला आणि चेंडू ठेवलेल्या रेषेपासून 5 यार्डांपलीकडे रिसीव्हरला धक्के देऊन अडवायला बंदी आली. आक्रमक फळीतल्या खेळाडूंना हात पसरून, पंजे उघडे ठेवून अडवण्याची मुभाही मिळाली, त्यामुळे क्वार्टरबॅकला जास्त वेळ मिळू लागला. 2004 पासून पंचांनी हा धक्काबंदीचा नियम अधिक काटेकोरपणे लावला. म्हणून 1975 चे 1,000 यार्ड आणि 2015 चे 1,000 यार्ड एका तराजूत घालता येत नाहीत. हंगामही 1978 मध्ये 14 वरून 16 सामन्यांचा झाला आणि 2021 मध्ये 17 चा.

एकूण यार्ड किती फसवू शकतात, हे दोन हंगाम शेजारी ठेवले की दिसतं. 1995 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जेरी राइसने 122 झेलांत 1,848 यार्ड आणि 15 टचडाउन केले. संघ 11 सामने जिंकला, 5 हरला. 2012 मध्ये डेट्रॉइटच्या कॅल्विन जॉन्सनने तेवढ्याच 122 झेलांत 1,964 यार्ड कमावले. हा विक्रम आजही त्याच्या नावावर आहे. पण टचडाउन फक्त 5, आणि संघ 4 जिंकून 12 हरला. जॉन्सन कमी पडला का? मुळीच नाही. डेट्रॉइट बहुतेक वेळा पिछाडीवर असायचं, म्हणून मॅथ्यू स्टॅफर्डने त्या हंगामात 727 पास फेकले आणि त्यांतले दोनशेहून अधिक जॉन्सनकडे. पुढच्या वर्षी जॉन्सनचे झेल 84 वर आले, टचडाउन मात्र 12 झाले. एका हंगामातल्या टचडाउनांवरून रिसीव्हरचा भाव ठरवू नये, ते याचसाठी.

या गोंधळावर पहिला पद्धतशीर उपाय 1971 मध्ये आला. सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक व्हर्जिल कार्टर आणि रॉबर्ट मॅकॉल यांनी मैदानावरच्या प्रत्येक जागेतून सरासरी किती गुण मिळतात, ते मोजलं. त्यातून पुढे वाढलेला विचार असा: तिसऱ्या डाउनला, म्हणजे चारपैकी तिसऱ्या प्रयत्नात, 12 यार्ड हवे असताना 8 यार्डांचा झेल घेतला, तर खात्यावर 8 यार्ड जमा होतात, पण संघाला बहुधा चेंडू किक मारून सोडावा लागतो. 3 यार्ड हवे असताना 4 यार्डांचा झेल घेतला, तर संघाला पुढचे चार प्रयत्न मिळतात. निम्मे यार्ड, पण फायदा कितीतरी जास्त. क्रिकेटमध्ये षटकं आणि लक्ष्य न पाहता नुसत्या धावा मोजाव्यात, तसाच हा प्रकार.

आज आमच्या मते पहिला पाहण्याजोगा आकडा म्हणजे दर रूटमागे यार्ड. समजा, एकाने 600 रूट धावून 1,200 यार्ड केले आणि दुसऱ्याने 360 रूटमध्ये 900. पहिल्याचा दर 2.0, दुसऱ्याचा 2.5. चेंडू न मिळालेले रूटही यात मोजले जातात, म्हणून मोकळं होण्याचं कसब दिसतं. धोका एवढाच की दुसऱ्याला फक्त सोयीच्या डावपेचांत उतरवलं असेल, तर दर फुगतो. 200 पेक्षा कमी रूटवर तर विसंबूच नये. खेळाडूंच्या शोल्डर पॅडमधल्या चिपांमुळे आता चेंडू पोहोचताना बचावपटू किती दूर होता, तेही कळतं. मात्र आतल्या बाजूला उभं राहून छोटे पास घेणाऱ्याला हे अंतर सहज मिळतं आणि प्रतिस्पर्ध्याचा सर्वोत्तम कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा बचावपटू) ज्याच्या मागे लागतो त्याला कमी. म्हणून हा आकडा एकटा वाचला की चांगला खेळाडू साधारण वाटू लागतो.

1994 मध्ये सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा, आली आणि तुलनेत पैसा शिरला. लीग आणि खेळाडू संघटनेतल्या 2011 च्या करारानंतर नवोदितांचे पगार ठरावीक झाले, त्यामुळे ड्राफ्टमधून (संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या पद्धतीतून) आलेला चांगला रिसीव्हर चार वर्षं स्वस्तात मिळतो. 2020 मध्ये मिनेसोटाने स्टेफॉन डिग्स बफेलोला दिला आणि बदल्यात मिळालेल्या 22 व्या निवडीवर जस्टिन जेफरसन घेतला. डिग्सने त्या वर्षी 1,535 यार्ड केले, जेफरसनने 1,400. दोन्ही संघांचं भलं झालं. 2022 मध्ये टेनेसीने तोच हिशेब केला: ए. जे. ब्राउन फिलाडेल्फियाला देऊन 18 व्या निवडीवर ट्रेलॉन बर्क्स घेतला. ब्राउनने 1,496 यार्ड केले आणि फिलाडेल्फिया सुपर बोल या लीगच्या अंतिम सामन्याला पोहोचलं. बर्क्सचे यार्ड भरले 444. स्वस्त पर्याय मिळेलच, हे गृहीत धरणं महागात पडतं.

2025 मध्ये सिनसिनाटीने जमार चेसशी चार वर्षांसाठी 16.1 कोटी डॉलरची करारवाढ केली, म्हणजे वर्षाला सरासरी 4 कोटींहून अधिक. त्या वर्षीची संघाची संपूर्ण कॅप 27.92 कोटी होती. आदल्याच हंगामात झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्ही याद्यांत चेस पहिला होता, आणि 9 विजय, 8 पराभवांसह सिनसिनाटी प्लेऑफच्या (हंगामाअखेरच्या बाद फेरीच्या) बाहेर होतं.