हरणाची मान, सफरचंदं आणि ९० मिनिटं

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन या राज्यांत नोव्हेंबरच्या शेवटाला गावाकडच्या घरांत दोन गोष्टींची रेलचेल असते. तळघरात नुकतीच उतरवलेली सफरचंदं आणि शेडमध्ये टांगलेलं पांढऱ्या शेपटीचं हरण. पाठीचं नि मांडीचं मऊ मांस लगेच मार्गी लागतं. मानेचं मात्र काय करायचं, हा प्रश्न उरतो. तिथल्या स्वयंपाकघरांनी त्यावर काढलेला एक जुना तोडगा म्हणजे मिन्समीट. मांसाचा खिमा, चरबी, सफरचंद, मनुका, साखर, दालचिनी आणि जायफळ एकत्र शिजवून केलेलं गोड सारण. मैद्याच्या पारीत भरून ते भट्टीत भाजलं की झाला मिन्स-पाय. मटणात मनुका नि साखर म्हटल्यावर आपल्याकडे अनेकांच्या कपाळावर आठी पडेल. पण युरोपात मांस आणि सुकामेवा ही जोडी शतकानुशतकं चालत आलेली आहे, आणि खरी गंमत चवीपेक्षा हे सारण टिकतं कसं यात आहे.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या घरगुती डबाबंदीच्या मार्गदर्शिकेत याची कृती आहे. हरणाचा खिमा सुमारे १.८ किलो, त्यात डुकराच्या मांसाचं सॉसेज ४५० ग्रॅम, गाईबैलाच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी बारीक चिरून २ कप, चिरलेली सफरचंदं ५ क्वार्ट (एक क्वार्ट म्हणजे लिटरला थोडं कमी), काळ्या मनुका नि बेदाणे मिळून १.३६ किलो, सफरचंदाचा न आंबवलेला गढूळ रस २ क्वार्ट, साखर ५ कप, शिवाय मीठ, दालचिनी, जायफळ. मांस आणि चरबी आधी पाण्यात शिजवायची, तांबूस होऊ द्यायची नाही. मग सगळं एकत्र करून तासभर मंद आचेवर ढवळत राहायचं आणि गरम असतानाच काचेच्या बरण्यांत भरायचं. वर इंचभर जागा मोकळी सोडायची, कारण सारण उकळून चरबी बरणीच्या काठावर आली तर झाकण नीट बसत नाही. त्यानंतर बरण्या कॅनरमध्ये, म्हणजे डबाबंदीच्या मोठ्या प्रेशर कुकरमध्ये, दाबाखाली ९० मिनिटं ठेवायच्या.

या यादीत पहिल्यांदा खटकतं ते हे की, हरीण घरात असताना चरबी गाईबैलाची का? हरणाच्या मांसात चरबी अगदी कमी, साधारण दोन-तीन टक्के. कातडीखाली आणि पोटात जी असते ती काढून फेकतात. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटातले जिवाणू चाऱ्यातल्या असंपृक्त (पातळ राहणाऱ्या) मेदाम्लांचं रूपांतर संपृक्त (गोठणाऱ्या) मेदाम्लांत करतात, त्यामुळे या सगळ्यांची चरबी घट्टच. पण हरणाची जरा जास्तच घट्ट. घास गिळल्यावर ती टाळूला आणि ओठांना मेणासारखी चिकटून बसते, आणि शिकारीच्या मांसाचा उग्र वासही बराचसा तिच्यातच असतो. मूत्रपिंडाभोवतीची गाईबैलाची चरबीही कडक, भुगा होण्याइतकी ठिसूळ, पण तोंडात विरघळते. शरीराच्या आतली, उबेतली चरबी कातडीखालच्या चरबीपेक्षा नेहमी कडक असते. थंडीत उघड्या पडणाऱ्या भागातली चरबी गोठून चालणार नाही, म्हणून ती मऊ. आतल्या चरबीला ती अडचण नाही.

मानेचं मांस निवडण्यामागेही शास्त्र आहे. हरणाची मान दिवसभर खाली-वर होते. सतत राबणाऱ्या स्नायूंत कोलॅजेन हे चिवट प्रथिन भरपूर असतं. झटपट भाजलं तर असं मांस चामड्यासारखं लागतं. पाण्यात मंद शिजवलं, साधारण ७० अंशांच्या वर बराच वेळ ठेवलं, की कोलॅजेनचं जिलेटिन होतं. सारणाला दाटपणा येतो तो सफरचंदातल्या पेक्टिनमुळे आणि या जिलेटिनमुळे. उत्तम मांस यात घालणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

आता ९० मिनिटांकडे येऊ. सफरचंद आंबट, साखर भरपूर. मग मुरांब्यासारखं नुसतं उकळून बरणीत का भरू नये?

गोम आहे सामूची, म्हणजे आम्लतेच्या मोजमापाची. सफरचंदाचा सामू साडेतीन-चारच्या आसपास, मांसाचा साडेपाचच्या पुढे. डबाबंदीच्या शास्त्रात ४.६ हा आकडा लक्ष्मणरेषा मानला जातो. त्याच्या खाली क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू वाढू शकत नाही. मांसातली प्रथिनं आम्ल शोषून घेतात, त्यामुळे एकत्र केलेल्या सारणाचा सामू कुठे स्थिरावेल हे सफरचंदाच्या जातीवर, मांसाच्या प्रमाणावर आणि खिम्याच्या कणांच्या आकारावर ठरतं. रस आंबट लागला तरी मांसाच्या गोळीच्या आत आम्ल पुरेसं पोहोचलेलं नसण्याची शक्यता राहते. साखरेचाही भरवसा नाही. मी ढोबळ हिशेब मांडून पाहिला: साखर, मनुका, सफरचंद, रस सगळं धरून या सारणात साखरेचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास येतो. जॅममध्ये तो दोन तृतीयांश असतो. जिवाणूला वापरता येईल असं मोकळं पाणी पुरेसं कमी झालंय, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

हा जिवाणू मातीत सगळीकडे असतो. स्वतः तो उकळत्या पाण्यात मरतो, पण त्याचे बीजाणू, म्हणजे कवचात सुप्त पडून राहिलेली त्याची रूपं, मरत नाहीत. हवाबंद बरणी ही त्याला आयती मिळालेली जागा, कारण त्याला प्राणवायू नकोच असतो. तिथे बीजाणू रुजले की विष तयार होतं, आणि त्याची अत्यल्प मात्राही श्वसनाचे स्नायू लुळे पाडते. १९१९ मध्ये अमेरिकेत डबाबंद ऑलिव्ह खाऊन माणसं दगावली, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या उद्योगाचे धाबे दणाणले. त्यानंतर एस्टी आणि मेयर या दोघांनी हे बीजाणू किती तापमानाला किती वेळ तग धरतात हे मोजलं. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आकड्यांवर आजही जगभरचे डबे भरले जातात. १०० अंशांवर सगळ्यांत चिवट बीजाणूंना मारायला ३३० मिनिटं लागतात. म्हणजे साडेपाच तास. १२१ अंशांवर तेच काम तीन मिनिटांच्या आत होतं. साधा नियम असा की दर १० अंशांना वेळ दहापट कमी होतो.

मग ९० मिनिटं कशाला? बरणीत १० ते ११ पौंड दाबाखाली जवळपास ११६ अंश मिळतात, आणि वरच्या नियमाने नऊएक मिनिटं पुरायला हवीत. ती पुरतातही, पण बरणीच्या अगदी मध्यावरचा घास तेवढा तापल्यानंतर. तो ११६ अंशांपर्यंत पोहोचायलाच प्रचंड वेळ लागतो. पातळ रसात उष्णता प्रवाहाने फिरते, गरम रस वर जातो, गार खाली येतो. दाट सारण जागचं हलत नाही. उष्णता कणाकणाने आत झिरपते, वाटेत चरबीचे तुकडे तिला अडवतात. म्हणून तर सारण फार घट्ट करू नये, पीठ घालू नये, कृतीत मांस वाढवू नये, असं या विषयातले लोक कानीकपाळी ओरडून सांगतात. एक वाटी मैदा चवीला काही बिघडवत नाही, पण बरणीच्या मध्यावरचं गणित पार कोलमडतं.

आपल्याकडच्या वाचकाच्या मनात इथे हमखास येईल की घरातल्या कुकरच्या शिट्टीवरही १५ पौंडांचा दाब मिळतो, मग त्यातच बरणी ठेवली तर? नको. ९० मिनिटांचा आकडा मोठ्या कॅनरवर ठरवलेला आहे. तो सावकाश तापतो आणि सावकाश निवतो, आणि तो वेळही हिशेबात धरलेला असतो. छोटा कुकर लवकर तापतो, लवकर निवतो. गावाची उंचीही मोजावी लागते, कारण वर जाल तसा त्याच तापमानासाठी दाब वाढवावा लागतो. हरणाचा प्रश्न आपल्याकडे येतच नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार गुन्हा आहे. पण परदेशी निघालेल्या मुलांसाठी खिमा बरणीत बंद करून देणाऱ्यांना हाच नियम लागू आहे.

तरीही एक प्रश्न राहतो. कॅनर नव्हते तेव्हा अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधल्या शेतकरीणी मिन्समीट मातीच्या मोठ्या बरणीत घालून मार्चपर्यंत वापरत, ते कसं? आजीची कृती सुरक्षितच होती असं मानणारे आणि तेव्हाचे लोक निष्काळजी होते असं मानणारे, दोघंही मला चुकीचे वाटतात. त्यांच्या बरणीतला पदार्थच वेगळा होता. त्यात ताजा रस नसे, तर उकळून सातव्या हिश्श्यावर आणलेला सफरचंदाचा काकवीसारखा पाक असे. त्यात साखर आणि आम्ल, दोन्ही दाट. वर ब्रँडी ओतायची. आणि सगळ्यांत मोठी राखण थंडीची. बरणी ज्या खोलीत ठेवायची तिथे हिवाळाभर पाणी गोठे. काही घरी तर थंडीच्या सुरुवातीलाच डझनावारी मिन्स-पाय भाजून न तापवलेल्या खोलीत गोठवून ठेवत. इंग्लंडमध्ये १७४७ साली छापलेल्या हॅना ग्लास यांच्या कृतीत मिश्रण चार महिने टिकेल असं म्हटलंय, पण त्यात मुळात मांस नाहीच. हवं असेल तर उकडलेली जीभ किंवा गोमांस घाला, अशी पुस्ती शेवटी जोडली आहे. मांसच नसलं की सामूची वरची सगळी कटकट मिटते.

लोथर लाइस्टनर या जर्मन मांसशास्त्रज्ञांनी या प्रकाराला अडथळ्यांचं तंत्र म्हटलं. एकटी साखर पुरत नाही, एकटं आम्ल पुरत नाही, एकटी ब्रँडी किंवा एकटी थंडीही नाही. पण चारही थोडेथोडे असले तर जिवाणूची दमछाक होते. आज धोका आहे तो अर्धवट कृतीचा. गोड फार होतं म्हणून साखर निम्मी, मुलं खातात म्हणून ब्रँडी बाद, आटवलेल्या पाकाऐवजी दुकानातला रस, आणि बरणी उबदार स्वयंपाकघरात. एकेक अडथळा काढत गेलं आणि टिकण्याची अपेक्षा मात्र जुनीच ठेवली.

मसाल्यांबद्दल एक लोकप्रिय समज आहे की नासलेल्या मांसाची चव झाकायला ते घालत. हे पटण्यासारखं नाही. ज्याला जायफळ नि लवंग परवडे त्याला ताजं मांस नक्कीच परवडत असणार. लवंगेतलं युजेनॉल आणि दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड जिवाणूंना रोखतात खरे, पण सारणात चमचा-दोन चमचे मसाला पडतो, त्याने ते काम होत नाही. मसाले उपयोगी पडतात ते चरबी खवट होण्याविरुद्ध. हरणाचं मांस गडद लाल असतं, म्हणजे त्यात लोह भरपूर, आणि लोहामुळे चरबीचं ऑक्सिडीकरण वेगाने होतं. लवंगेतली फिनॉल वर्गातली संयुगं त्या प्रक्रियेला लगाम घालतात.

शिकारीच्या मांसाचे आणखी दोन धोके आहेत, आणि त्यांच्यापुढे उष्णतेची मात्रा चालत नाही. शिशाची गोळी मांसात फुटते तेव्हा तिचे कण जखमेपासून बऱ्याच दूरवर उडतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, क्ष-किरणांत दिसतात. खिमा करताना ते सगळ्या मांसात मिसळतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान आलेला हरणाचा खिमा या कारणाने फेकून द्यायला सांगण्यात आलं होतं. आंबट पदार्थात शिजवलं की शिसं जास्त विरघळतं, हे स्पेनमध्ये लाव्यांवर झालेल्या प्रयोगांत दिसलं आहे. सफरचंदाच्या रसात तासभर शिजणाऱ्या सारणासाठी ही चांगली बातमी नव्हे. तांब्याची गोळी वापरणं, किंवा जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने काढून टाकणं हे उपाय आहेत.

दुसरा धोका क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या मेंदूच्या रोगाचा. १९६७ मध्ये कोलोरॅडोत तो पहिल्यांदा लक्षात आला. त्याचं कारण असलेली प्रायॉन ही बिघडलेली प्रथिनं कॅनरच्या ११६ अंशांना दाद देत नाहीत. माणसाला हा रोग झाल्याची नोंद अजून नाही, तरीही बाधित हरीण खाऊ नये असा आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे. घशामागच्या लसीकाग्रंथी प्रयोगशाळेत तपासून बाधा कळते. मानेचं मांस काढताना सुरी चालते ती नेमकी या ग्रंथींच्या आणि मज्जारज्जूच्या शेजारून. बाधित भागातले जाणकार शिकारी म्हणूनच निकाल येईपर्यंत मान बाजूला काढून ठेवतात.

एवढी उस्तवार नको असेल त्यांच्यासाठी फ्रीझर आहे. उणे १८ अंशांवर बीजाणू जिवंत राहतात, पण रुजत नाहीत, आणि साखर, ब्रँडी आपापल्या चवीप्रमाणे घालायची मोकळीक मिळते. फक्त वितळवायचं ते फ्रिजमध्ये, ओट्यावर रात्रभर ठेवून नव्हे.

घरी भरलेली बरणी उघडली की सारण खदखदू लागल्यापासून पूर्ण १० मिनिटं उकळायचं आणि मगच पारीत भरायचं, असाही जुना सल्ला आहे. बीजाणू ज्या उष्णतेला भीक घालत नाहीत त्या उष्णतेत त्यांचं विष मात्र नष्ट होतं. झाकण फुगलेलं असेल, उघडताना फसफसलं किंवा वास वेगळा आला तर चाखून बघण्याच्या फंदात न पडता बरणी बाद करायची. वास चांगला असला म्हणून मात्र निर्धास्त होता येत नाही, कारण या विषाला स्वतःचा वासही नाही आणि चवही.