कत्तलीसाठी जनावरांची निवड (वसाहत-सिम्युलेशन खेळ)

पाळीव कळपातले कोणते जनावर मारायचे, कोणते राखायचे आणि केव्हा, हे ठरवण्याचे काम वसाहत-सिम्युलेशन प्रकारच्या, म्हणजे वस्ती उभारून ती चालवण्याच्या, व्हिडिओ गेममध्ये खेळाडूला पुन्हा पुन्हा करावे लागते. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ (२००६), ‘बॅनिश्ड’ (२०१४), ‘रिमवर्ल्ड’ (पूर्ण आवृत्ती २०१८) आणि ‘ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड’ (२०१९) या खेळांत ते निरनिराळ्या रूपांत येते. नवा खेळाडू हा प्रश्न मांसाचा समजतो. खरे तर तो चाऱ्याचा आहे.

‘रिमवर्ल्ड’मध्ये हे सर्वांत स्पष्ट दिसते. तिथले वर्ष ६० दिवसांचे, त्यात १५ दिवसांचे चार भाग. थंड प्रदेशात हिवाळा लागला की गवत वाढायचे थांबते आणि कळप साठवलेल्या वैरणीवर येतो. दुसरीकडे, कच्चे मांस उघड्यावर दोनच दिवसांत नासते. म्हणजे जिवंत जनावर हा न नासणारा, पण रोज खाणारा साठा आहे, आणि मारलेले जनावर हा न खाणारा, पण नासणारा. शीतगृहात जागा किती आणि गंजीत वैरण किती, या दोन आकड्यांच्या मध्ये निर्णय अडकलेला असतो. शीतगृह जवळजवळ भरलेले असताना पाच जनावरांवर एकदम कत्तलीची खूण करणे म्हणजे चार वाया घालवणे.

समजा, शरद सरत आला आहे आणि कुंपणात तेरा गुरे आहेत: चार गायी, एक गाभण गाय, तीन वळू, दोन कालवडी, तीन गोऱ्हे. वैरण सगळ्यांना वसंतापर्यंत पुरणार नाही. पहिली पाळी वळूंची. एक नर अनेक माद्यांना पुरतो आणि वळू दूध देत नाही. शिवाय पूर्ण वाढ झाल्यावर त्याच्या अंगावर नवे मांस चढत नाही, चारा मात्र तेवढाच जातो. तीनपैकी दोन वळू इथे जातात. गोऱ्ह्यांचे उलटे आहे. मांसाचे प्रमाण शरीराच्या आकारावर ठरते, त्यामुळे लहानपणी मारलेल्या वासराचे मांस अगदी थोडे मिळते आणि ते खातेही कमी. जमेल तितके त्यांना वाढू द्यावे. त्यांतला सर्वांत मोठा तर राखलाच पाहिजे, कारण उरलेला एकुलता वळू हल्ल्यात किंवा आजारात गेला तर पैदास तिथेच संपते. जवळच्या नात्यातल्या पैदाशीचा दोष या खेळात धरलेला नाही, म्हणून पोटचा गोऱ्हा वळू म्हणून चालतो. गाभण गाईला हात लावू नये.

गोठ्यातली एक जुनी सवय मात्र इथे सोडावी लागते. या खेळात गाय भाकड होत नाही; वासरू असो वा नसो, प्रौढ गाय दूध देत राहते. म्हातारी आधी काढायची, हा नियम म्हणूनच आंधळेपणाने लावू नये. वय झालेल्या जनावराला पाठीचे दुखणे, मोतीबिंदू असे आजार लागतात आणि शेवटी ते मरते. ते दिवस जवळ आले की मगच तिची पाळी. डुकराचा हिशेब सगळ्यांत सोपा, कारण ते दूधही देत नाही आणि लोकरही.

कत्तल जनावरे सांभाळणारा करतो, पण मांस काढायचे काम खाटकाच्या टेबलावर स्वयंपाक करणाऱ्याकडे असते. तो दुसऱ्या कामात गुंतला असेल तर निवड कितीही बरोबर असली तरी मारलेले जनावर तसेच पडून सडते.

२०२१ मधल्या १.३ आवृत्तीने आपोआप कत्तलीची सोय आणली. प्रत्येक जातीत प्रौढ नर, प्रौढ माद्या, लहान नर आणि लहान माद्या जास्तीत जास्त किती ठेवायच्या, ते आकडे भरायचे. त्या आकड्यांपेक्षा जास्त झालेल्या जनावरांवर खूण आपोआप पडते. कोंबड्यांसाठी ही सोय हवीच. फलित अंडी उबत राहिली की पिल्लांची संख्या हाताबाहेर जाते आणि खेळाचा वेगही मंदावतो. पण आठ-दहा गुरांच्या कळपाला आकड्यांच्या हवाली करू नये. लहान नरांची मर्यादा शून्य ठेवली तर गोऱ्हा जन्मल्याबरोबर खूण होते, हाती मूठभर मांस येते आणि पुढचा वळूही गेलेला असतो. जिथे आणखी जनावरे पोसणे परवडत नाही पण मारायचेही नाही, तिथे नसबंदीची शस्त्रक्रिया हा शहाणा मार्ग आहे.

‘बॅनिश्ड’मध्ये कुरणातल्या जनावरांची संख्या ठरवायची, त्याहून जास्त झालेली आपोआप कापली जातात. ‘ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड’मध्ये तर प्राणी म्हातारपणाने मेला तरी मांस देतो, हॅच जातीचा प्राणी १०० दिवसचक्रे जगतो. तिथे प्रश्न जागेचा: दर हॅचला १२ चौकटी, तबेल्याची मर्यादा ९६, म्हणून एका तबेल्यात आठच. नववा आला की गर्दी होते, म्हणून त्याला दुसरीकडे हलवायचे.

‘ड्वार्फ फोर्ट्रेस’मध्ये नजर एकेका जनावरावर जाते. प्रत्येकाच्या वर्णनात ते धिप्पाड आहे की किरकोळ, लठ्ठ आहे की रोड, हे लिहिलेले असते, आणि मिळकत त्या जनावराच्या आकारावर ठरते. त्यामुळे दांडगे नर पैदाशीला ठेवून किरकोळ नर कापणारे खेळाडू पिढ्यान्‌पिढ्या कळप सुधारतात. कातडे वेळेत कमावले नाही तर ते सडून दुर्गंध पसरतो. चरबीचा साबण होतो, हाडांच्या वस्तू होतात. मांजरांची गोष्ट वेगळी. तिथे मांजर स्वतःच आपला मालक निवडते, आणि एकदा निवडले की त्या मांजरावर कत्तलीची खूण करता येत नाही. म्हणून मांजरांची पैदास आवरायची तर पिल्लांवर लहानपणीच खूण करावी लागते, नाहीतर बोक्यांचे खच्चीकरण करावे लागते.

‘रिमवर्ल्ड’ अशी मनाई करत नाही. सांभाळणाऱ्याशी बंध जुळलेले जनावरही मारता येते. त्या माणसाचे मन मात्र बरेच दिवस खचलेले राहते. ‘आयडियॉलॉजी’ या जोडभागात तर अख्ख्या वसाहतीला पूज्य असलेली जात असू शकते. आपोआप कत्तलीच्या तक्त्यात बंध जुळलेल्या आणि गाभण जनावरांसाठी वेगळे रकाने आहेत. आकडे भरण्याआधी ते दोन रकाने बघावेत.