देवेगौडा आणि गुजराल: कोणाच्या खुर्चीत काय झालं?

बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या जुन्या माणसांना एच. डी. देवेगौडा हे आधी मुख्यमंत्री म्हणून ठाऊक आणि मग पंतप्रधान म्हणून. घोळ होतो तो त्यांच्या पाठोपाठ आलेल्या इंद्रकुमार गुजराल यांच्यामुळे. दोघंही जनता दलाचे, दोघंही संयुक्त आघाडीचे. दोघांनाही काँग्रेसचा बाहेरून पाठिंबा, आणि तो काढल्यावरच दोघांची सरकारं गेली. कारकीर्दही अकरा-अकरा महिन्यांची. स्पर्धा परीक्षेत मार्क जातात ते इथेच.

आधी एक तारीख पक्की करा: 21 एप्रिल 1997. देवेगौडा 1 जून 1996 पासून या दिवसापर्यंत, गुजराल या दिवसापासून 19 मार्च 1998 पर्यंत. दिवस मोजले तर 324 आणि 332, म्हणजे गुजराल आठ दिवसांनी पुढे. पण हा हिशेब फसवा आहे. गुजरालांनी 28 नोव्हेंबर 1997 लाच राजीनामा दिला. पुढचे 111 दिवस ते काळजीवाहू होते. पूर्ण अधिकाराने कारभार केला तो 221 दिवस, देवेगौडांपेक्षा नव्वदहून अधिक दिवस कमी.

दोघं पडले तेही वेगवेगळ्या तऱ्हेने. 30 मार्च 1997 ला काँग्रेस अध्यक्ष सीताराम केसरींनी पाठिंबा काढला, तरी देवेगौडांनी लगेच राजीनामा दिला नाही. ते लोकसभेला सामोरे गेले आणि 11 एप्रिलला विश्वासदर्शक ठराव हरले: बाजूने 158, विरोधात 292. काँग्रेसला माणूस बदलून हवा होता, निवडणूक नको होती. म्हणून सरकार त्याच आघाडीचं राहिलं, पंतप्रधान तेवढे बदलले. गुजरालांच्या वेळी वाद राजीव गांधी हत्येच्या चौकशीसाठी नेमलेल्या जैन आयोगाच्या अंतरिम अहवालावरून पेटला. अहवालात ठपका आलेल्या, आघाडीतल्या द्रमुकचे मंत्री काढा, ही काँग्रेसची मागणी आघाडीने मानली नाही. इथे मतदान झालंच नाही. राजीनामा झाला आणि 4 डिसेंबरला लोकसभा विसर्जित झाली.

सगळ्यात जास्त गल्लत परराष्ट्र धोरणात होते. ‘गुजराल सिद्धांत’ नाव गुजरालांचं, म्हणून काळही त्यांच्याच पंतप्रधानपदाचा, असं धरलं जातं. प्रत्यक्षात बांगलादेश, भूतान, मालदीव, नेपाळ आणि श्रीलंका यांच्याकडून परतफेडीची अपेक्षा न ठेवता जे देता येईल ते द्यायचं, ही मांडणी त्यांनी 1996 मध्ये केली. तेव्हा ते देवेगौडांचे परराष्ट्रमंत्री होते. (पाकिस्तान या यादीत नाही, हेही बऱ्याचदा निसटतं.)

गंगा पाणीवाटप कराराचंही तेच. सही 12 डिसेंबर 1996 ची, देवेगौडा आणि बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांची; मुदत 30 वर्षं. आपल्याकडे उन्हाळ्यात कृष्णा आटली की अथणी, चिकोडी, रायबागचे डोळे कोयना-वारणेकडे लागतात आणि कर्नाटक महाराष्ट्राला दोन-तीन टीएमसी सोडा म्हणून विनवतं. तशी दर वर्षी विनवणीची पाळी येऊ नये म्हणून फरक्क्याला (पश्चिम बंगालमधला गंगेवरचा बंधारा) सूत्रच ठरवून टाकलं. 1 जानेवारी ते 31 मे, दहा-दहा दिवसांच्या पाळ्या. प्रवाह 70,000 क्युसेकपर्यंत असेल तर निम्मं-निम्मं. 70,000 ते 75,000 च्या दरम्यान बांगलादेशाला 35,000, उरलेलं भारताला. त्याच्या वर गेला तर भारताला 40,000, उरलेलं बांगलादेशाला. अडचण येते ती प्रवाह 50,000 च्या खाली गेल्यावर. तिथे ठरलेला वाटा नाही, दोन्ही सरकारांनी तातडीने बसून ठरवायचं, एवढंच लिहिलंय. आमच्या मते देवेगौडांच्या काळातलं सगळ्यात टिकाऊ काम हेच, आणि त्याची घडण बरीचशी गुजरालांची. दोघांची नावं एकत्र घ्यायची तर ती इथे.

अर्थसंकल्पात मात्र प्रश्न नीट वाचा. आयकराचे दर 10, 20, 30 टक्क्यांवर आणणारा पी. चिदंबरम यांचा अर्थसंकल्प 28 फेब्रुवारी 1997 ला मांडला गेला देवेगौडांच्या सरकारात, मंजूर झाला गुजरालांच्या. ‘मांडला’ आणि ‘मंजूर’ यांची उत्तरं वेगळी येतात.

बाकीचं थोडक्यात. महिला आरक्षणाचं विधेयक पहिल्यांदा लोकसभेत आलं सप्टेंबर 1996 मध्ये आणि आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा पेसा कायदा झाला डिसेंबर 1996 मध्ये. दोन्ही देवेगौडांच्या खात्यात. आसामातल्या बोगीबील पुलाची पायाभरणीही त्यांचीच, जानेवारी 1997 मधली. पूल खुला झाला तो 2018 मध्ये. प्रसार भारतीचा कायदा 1990 चा, पण तो लागू झाला 1997 मध्ये, गुजराल असताना. उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी ऑक्टोबर 1997 मध्ये फेरविचारासाठी परत पाठवली, तीही गुजराल मंत्रिमंडळाचीच.