मेमरी सीट मॉड्यूल : तपासणी व दुरुस्ती

मोटारीची सीट बटणावर सरकवणारे आणि चालकाची बैठक लक्षात ठेवणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक. हा डबा बहुधा सीटखालीच असतो. मेमरी सीट 1957 च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूहॅममध्ये आली. मराठवाड्यात ती आलिशान गाड्यांसोबत आली. 2010 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत दीडशे मर्सिडीजची एकगठ्ठा खरेदी झाली, तिची देशभर चर्चा झाली. अशा गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेल्या, की सीटची तक्रार शोरूमऐवजी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे येते.

बहुतेक गाड्यांत सीटच्या प्रत्येक मोटरवर हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकाच्या आधारे मोटरचे फिरणे टिपणारा सेन्सर, असतो. मोटर फिरताना त्याच्याकडून येणारे विजेचे ठोके मोजून मॉड्यूल सीटची जागा ओळखते. बटण दाबल्यावर सीट जरा हलून लगेच थांबत असेल, पुन्हा दाबल्यावर पुन्हा तेवढीच हलत असेल, तर मोटर चांगली असून ठोके पोचत नाहीत, असा अंदाज बांधता येतो. बटणाने नीट चालते पण मेमरीने नाही, तेव्हा जागेची नोंद हरवलेली असू शकते. काहीच हलत नसेल तर आधी फ्यूज, अर्थिंग आणि बॅटरीचा व्होल्टेज पाहावा.

‘मॉड्यूल गेलं’ हे निदान गॅरेजात फार लवकर होते. प्रत्यक्षात दोष अनेकदा सीटखालच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये, सापडतो. काळ्या मातीची बारीक धूळ तिथे साचते, धुलाईत सीटला मारलेले पाणी झिरपते, आणि शेतातल्या शेडमध्ये सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीची वायर उंदीर कुरतडतात. पिना हिरव्या पडल्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ कराव्यात.

सीट काढायची असल्यास बॅटरी सोडण्यापूर्वीच ती पुढे-मागे सरकवून चारही बोल्ट मोकळे करावेत; नंतर हात पोचत नाही. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, कंपनीने सांगितली तेवढी मिनिटे थांबावे. सीटखालचा पिवळा कपलर बहुधा साइड एअरबॅगचा असतो. त्याला टेस्ट लॅम्प लावू नये आणि तो सुटा असताना इग्निशन चालू करू नये, नाहीतर एअरबॅगचा दिवा पेटून राहतो व तो घालवायला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सला जोडून दोष वाचणारे यंत्र, लागतो. बसवताना बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळावेत, कारण अपघातात सीट त्यांच्यावरच तग धरते.

जुन्या बाजारातले मॉड्यूल स्वस्त पडते, पण त्यात आधीच्या गाडीचे कोडिंग, म्हणजे त्या गाडीपुरती भरलेली माहिती, असते. बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने नवे कोडिंग केल्याशिवाय ते चालत नाही. काही गाड्यांत बॅटरी काढून पुन्हा जोडल्यावरही सीट प्रत्येक दिशेला शेवटच्या टोकापर्यंत नेऊन बटण थोडा वेळ दाबून धरावे लागते. त्यानंतरच बैठका पुन्हा नोंदवता येतात. एवढे न केल्यामुळे चांगले मॉड्यूलही बदलले जाते.